सुया, लोकर आणि रोजचे सातशे शब्द



नोव्हेंबर उजाडला की आमच्या न्यू जर्सीत झाडांची पानं गळतात, घड्याळं एक तास मागे जातात आणि पुण्याशी बोलायच्या वेळेचं गणित पुन्हा एकदा चुकतं. साडेनऊ तासांचा फरक साडेदहा तासांचा होतो, आणि आईला हमखास झोपेतून उठवलं जातं. गेल्या नोव्हेंबरात मात्र आमच्या घरी आणखी एक भानगड झाली. आठवीतल्या कन्येने एकाच वेळी दोन गोष्टी हाती घेतल्या: कादंबरी लिहायची, आणि स्वेटर विणायचा!

आता आम्ही पडलो इंजिनियर. दिवसभर संगणकापुढे बसायचं, संध्याकाळी मुलीला गणिताच्या शिकवणीला सोडायचं आणि शनिवारी मंडळाच्या पॉटलकला मसालेभात न्यायचा, एवढंच आमचं जग. त्यामुळे "बाबा, मी नॉव्हेल लिहिते आहे" असं ती म्हणाली तेव्हा आमच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "अगं, पण मॅथ कॉम्पिटिशन कधी आहे?" ती काहीच बोलली नाही. पण त्यानंतर तीन आठवडे तिने आम्हाला एक ओळही दाखवली नाही. चूक आमचीच होती, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हेच घडत असेल, म्हणून या दोन छंदांबद्दल आम्हाला जे समजलं ते इथे मांडतो आहोत.

कादंबरीचा महिना म्हणजे काय?

१९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी नावाच्या एका तरुणाने वीस मित्रमैत्रिणींना जमवून एक पैज लावली, ती म्हणजे एका महिन्यात प्रत्येकाने एक कादंबरी लिहायची. मिळून एकवीस जण झाले. पुढच्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरात नेला, कारण बाहेर हवा वाईट असली की माणूस घरात बसून लिहितो! नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ या नावाचं लघुरूप 'नॅनोरायमो', आणि ते जगभर झालं. नियम एकच: ३० दिवसांत ५०,००० शब्द. म्हणजे रोजचे १,६६७. चांगलं लिहा अशी अटच नव्हती, फक्त लिहा! सारा ग्रुएन यांच्या 'वॉटर फॉर एलिफंट्स' या गाजलेल्या कादंबरीचा पहिला खर्डा याच उपक्रमात लिहिला गेला.

पुढे या उपक्रमाची संस्था झाली, मुलांसाठी वेगळा कार्यक्रम निघाला आणि त्यात मुलांना शब्दांचं लक्ष्य स्वतः ठरवता येत असे. नंतरच्या वर्षांत संस्थेवर बरीच टीका झाली, पैशाचीही ओढाताण होती, आणि मार्च २०२५ च्या अखेरीस ती बंद होत असल्याचं जाहीर झालं. पण पैज लावायला संस्था कशाला हवी? आमच्या कन्येने शाळेतल्या दोन मैत्रिणींबरोबर एक साधा तक्ता बनवला. रोज रात्री तिघींनी आपापला आकडा त्यात भरायचा. लक्ष्य २०,००० शब्दांचं. रोजचे ६६७, म्हणजे सोयीसाठी सातशेच धरा.

रोजचा ठरलेला आकडा लेखकाला बळ देतो ही गोष्ट आपल्या मराठीलाही नवी नाही. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ साली आली, आणि पुढे हरि नारायण आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू करून त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः छापली. ठरलेल्या दिवशी अंक निघायचा म्हणजे मजकूर तयार हवाच! मनासारखं सुचेपर्यंत थांबण्याची चैन क्रमशः लिहिणाऱ्याला परवडत नाही. आमच्या ऑफिसातल्या डेडलाइनचंही तेच आहे म्हणा.

आजीचा अर्धा स्वेटर

आता विणकामाकडे वळू. आमच्या आईने नातीसाठी दोन वर्षांपूर्वी एक स्वेटर विणायला घेतला होता. गडद निळी लोकर, पाठ पूर्ण, पुढचा भाग गळ्यापर्यंत आलेला. मग तिची बोटं दुखायला लागली, डॉक्टरांनी सुया बंद करायला सांगितल्या आणि ते काम तसंच कपाटात राहिलं. गेल्या ऑक्टोबरात पुण्याहून येणाऱ्या एका स्नेह्यांबरोबर तिने ते पाठवून दिलं. टाके दोऱ्यात ओवलेले, लोकरीचे उरलेले गुंडे आणि सोबत चिठ्ठी, "बाहीपासून तू कर."

कन्येने यापूर्वी फक्त एक मफलर विणलेला, तोही एका टोकाला रुंद नि दुसऱ्या टोकाला अरुंद. पण ती हट्टाला पेटली. आजीला फोनवर विचारलं, सुया कुठल्या? आजी म्हणाली, "बॉर्डरला दहा नंबर, वर आठ नंबर." आम्ही तत्परतेने दुकानातून दहा आणि आठ नंबरच्या सुया आणल्या. दोन संध्याकाळी खपून तिने जे विणलं ते पाहून सौ. म्हणाली, "हे मासे पकडायला छान आहे!"

घोटाळा असा होता. भारतात अजून जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर चालतात. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं. आजीची दहा नंबरची सुई म्हणजे ३.२५ मिलिमीटर, इथली दहा नंबरची म्हणजे तब्बल ६ मिलिमीटर! आजीची आठ नंबर ४ मिलिमीटरची, इथली आठ नंबर ५ मिलिमीटरची. म्हणजे आम्हाला इथल्या ३ आणि ६ नंबरच्या सुया हव्या होत्या. तेव्हा मंडळी, आईने किंवा सासूबाईंनी फोनवर नंबर सांगितला की आधी मिलिमीटर विचारा. क्रोशाचंही असंच आहे, तिथे तर टाक्यांची नावंच घसरतात: इथल्या पुस्तकातलं 'सिंगल क्रोशे' ते ब्रिटिश पुस्तकातलं 'डबल क्रोशे'.

विणकामाचं गणित

मराठीत मागावरचं कापडही 'विणतात' आणि स्वेटरही 'विणतात', पण दोन्हींची रचना अगदी वेगळी. मागावर उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे एकमेकांना छेदतात. सुयांवर एकच धागा असतो आणि प्रत्येक टाका हा खालच्या टाक्यातून ओढून काढलेला फास. फासाला जागा असते म्हणून स्वेटर ताणला जातो. आणि सगळा एकच धागा असल्याने एक टाका गळला की खालपर्यंत जिना उसवत जातो.

टाके मुळात दोनच, सुलट आणि उलट. तेही खरं तर एकच, कारण सुलट टाका मागून पाहिला की उलट दिसतो. नुसत्या सुलट-उलट ओळी विणल्या तर कडा गुंडाळतात, म्हणून खाली 'दोन सुलट, दोन उलट' अशी लवचीक पट्टी घालतात. शून्य आणि एक यांवर पोट भरणाऱ्या आम्हाला हे फारच ओळखीचं वाटलं! विणकामाच्या सूचनासुद्धा प्रोग्रॅमसारख्याच असतात, 'चांदणीपासून चांदणीपर्यंत पुन्हा करा' वगैरे.

पण सगळ्यात महत्त्वाचा तो नमुना. स्वेटर सुरू करण्याआधी चार इंचाचा चौकोन विणायचा आणि एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचं. आजीच्या पाठीवर चार इंचांत २२ टाके होते, म्हणजे इंचाला साडेपाच. कन्येचा हात सैल, त्याच ४ मिलिमीटरच्या सुयांवर तिचे चार इंचांत २० च टाके येत होते, म्हणजे इंचाला पाच. अर्ध्या टाक्याने काय बिघडतं? चौतीस इंच घेराला साडेपाचच्या हिशेबाने १८७ टाके लागतात. तेच १८७ टाके पाचच्या हाताने विणले तर घेर ३७ इंचांच्या वर जातो. जवळपास साडेतीन इंचांचा फरक! उपाय सोपा, सुई थोडी बारीक घ्यायची. ३.७५ मिलिमीटरच्या सुईवर तिचा हात आजीच्या हाताशी जुळला.

चौतीस इंच का, हाच तर खरा पेच होता. आजीने माप धरलं होतं तीस इंचांचं. दोन वर्षांत नात वाढली. आजीने आपल्या रिवाजाप्रमाणे उंचीला वाढतं माप ठेवलं होतं, घेराला नव्हतं. आजीला सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, "अगं, उसव सगळं. लोकर वाया जात नाही. लडी करून धुवायची, जड काही लटकवून वाळवायची, सुरकुत्या जातात. पुन्हा घाल टाके."

सल्ला अगदी योग्य होता. पण कन्या काही केल्या उसवायला तयार होईना. "आजी आता परत विणू शकणार नाही. तिने केलेलं मी कसं उसवू?" आठ दिवस ते निळं काम जेवणाच्या टेबलावर पडून राहिलं. कुणी काही बोलायचं नाही.

मग एका रविवारी तिने कागदावर आकडेमोड केली. पाठ पंधरा इंच, पुढचा भाग पंधरा इंच, हवेत चौतीस. कमी चार. दोन्ही बगलांखाली दोन-दोन इंचांची पट्टी घातली तर? दोन इंच म्हणजे ११ टाके. निळी लोकर तेवढी नव्हती. शिवाय त्याच रंगाची मिळाली तरी रंगाईचा घाणा वेगळा असला की छटा वेगळी दिसते (लोकर घेताना लेबलावरचा रंगाईचा नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना, हे जरूर पाहावं). म्हणून पट्ट्या सरळ राखाडी रंगाच्या केल्या आणि बाह्याही राखाडी. आजीचं निळं, हिचं राखाडी. कुठे एकीचं काम संपलं आणि दुसरीचं सुरू झालं ते स्पष्ट दिसतं.

बाहीच्या मापासाठी तिला ग्रंथालयात एलिझाबेथ झिमरमन यांचं 'निटिंग विदाउट टीअर्स' हे १९७१ चं पुस्तक सापडलं. या बाई मूळच्या इंग्लंडच्या, पुढे विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या. म्हणजे आपल्यासारख्याच परदेशातून आलेल्या! त्यांची युक्ती अशी की छातीच्या टाक्यांना शंभर टक्के माना आणि बाकी सगळं त्याच्या टक्केवारीत काढा. मनगट सुमारे वीस टक्के, दंड सुमारे तेहेतीस टक्के. १८७ चे वीस टक्के म्हणजे ३७ आणि तेहेतीस टक्के म्हणजे ६२. ज्या शिकवणीसाठी आम्ही जिवाचा आटापिटा करत होतो त्या शिकवणीतले शेकडेवारीचे धडे असे स्वेटरात उतरले. आम्ही हे बोलून दाखवलं नाही, इतपत शहाणपण तोवर आलं होतं.

खर्डा उसवायचा नाही, टाका मात्र लगेच उचलायचा

या काळात तिचा दिनक्रम असा: शाळेतून आल्यावर खाणं, अभ्यास, मग चाळीस मिनिटं लेखन आणि झोपण्याआधी अर्धा तास विणकाम. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत असं ती म्हणते. लेखनात अडली की सुया हातात घ्यायची, कारण सरळ ओळी विणताना हात चालतात आणि डोकं मोकळं राहतं. पुढचा प्रसंग अनेकदा अशाच वेळी सुचतो म्हणे.

एक फरक मात्र तिने आम्हाला नीट समजावला. विणताना टाका गळला तर लगेच थांबून उचलावा लागतो, नाही तर नुकसान वाढत जातं. लिहिताना मात्र मागे वळून दुरुस्ती करत बसलं तर पुढे जाताच येत नाही. पहिला खर्डा वेडावाकडाच असतो, तो पूर्ण झाल्यावर मग उसवाउसवी. आणि दोन्हींत सुरक्षेची दोरी हवी: विणकामात दर काही इंचांवर एका ओळीतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायचा, म्हणजे उसवलं तरी तिथवरच उसवतं. लेखनात रोज रात्री तारीख घालून वेगळी प्रत जपायची. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करून पगार घेतो!

रविवारची बैठक

आता सगळ्यात महत्त्वाचं. कादंबरी अर्थातच इंग्रजीत आहे. एका गावात बर्फ थांबतच नाही, पोस्टातला यंत्रमानव पत्रं वाटत फिरतो, आणि तिथे एक आजी आहे. रविवारी सकाळी नऊला, म्हणजे पुण्यात संध्याकाळी साडेसातला, व्हिडिओवर विणकामाची तपासणी व्हायची. एकदा आजीने सहज विचारलं, "तुझ्या त्या गोष्टीत काय चाललंय?" कन्येने मोडक्यातोडक्या मराठीत सांगायला सुरुवात केली. दारामागे उभं राहून आम्ही तेव्हा पहिल्यांदा ती गोष्ट ऐकली.

आजीचे आक्षेप लगेच सुरू झाले. गोष्टीतली आजी दारात आलेल्या यंत्रमानवाला 'हाउ मे आय हेल्प यू' म्हणते हे तिला मुळीच पटलं नाही. "छे! कुठली आजी असं बोलेल? आधी आत ये म्हणेल, पाणी देईल, मग काम विचारेल." पुढच्या आठवड्यापासून कन्या प्रश्नांची यादी घेऊन बसू लागली. आजी रागावली की काय म्हणते? कौतुक करायचं असेल पण दाखवायचं नसेल तर? हळूहळू त्या पात्राचे संवाद मराठीत आले, रोमन लिपीत का होईना. इतकी वर्षं "घरी मराठीत बोल" असं आम्ही सांगत होतो. बोलण्यासाठी तिला काही कारण दिलं नव्हतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी

पहिल्यांदा विणताना फिक्या रंगाची, मध्यम जाडीची लोकर घ्यावी. इथे लेबलावर ४ हा आकडा असतो. तिला ४.५ ते ५.५ मिलिमीटरच्या सुया चालतात. गडद रंगात टाके दिसत नाहीत. खरी लोकर गरम पाण्यात, मशिनमध्ये घुसळली की आटून नमद्यासारखी घट्ट होते. तेव्हा लेबलावर 'सुपरवॉश' नसेल तर हातानेच धुवावी. इथल्या विमानप्रवासात सुया हातातल्या बॅगेत नेता येतात, तरी परदेशी विमानतळावरचे नियम आधी पाहावेत. अनेक सार्वजनिक ग्रंथालयांत विणकामाचे गट जमतात, त्यात आपल्या मुलांना पणजीच्या वयाच्या मैत्रिणी मिळतात.

लेखनासाठी मुलाला झेपेल तेवढाच आकडा ठरवा, आणि मोठ्यांनी तो वाढवू नये. आपलं लिखाण इंटरनेटवर टाकायचं असेल तर वयाकडे लक्ष द्या. १९९८ च्या कायद्यानुसार तेरा वर्षांखालील मुलांची माहिती आईवडिलांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही, म्हणून बरीच संकेतस्थळं त्यांना खातंच उघडू देत नाहीत. आणि शेवटचं: मुलाने दाखवल्याशिवाय वाचू नये, आणि दाखवलं तर परीक्षेची तारीख विचारू नये.

नोव्हेंबरअखेर कन्येच्या तक्त्यात आकडा होता १७,४१२. लक्ष्य हुकलं. दोन दिवस ती नाराज होती, मग डिसेंबरात उरलेलं लिहून तिने गोष्ट संपवली. स्वेटर फेब्रुवारीत पुरा झाला, थंडी ओसरता ओसरता. आजीने व्हिडिओवर तो पुढून, मागून, आतून पाहिला. बगलेच्या राखाडी पट्टीवर तिची नजर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "शिवण जरा ओढली गेली आहे डावीकडे. बाकी बरं जमलंय."

कन्येने लगेच वहीत टिपून घेतलं. कौतुक करायचं असेल पण दाखवायचं नसेल तर आजी काय म्हणते, याचं उत्तर तिला मिळालं होतं.

असो. आपल्याही घरी कुणी लिहीत, विणत असेल तर त्याला जरूर प्रोत्साहन द्या, आणि मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला अर्धवट राहिलेलं विणकाम घेऊन या. सुयांचे नंबर आम्ही लावून देऊ!